ग्वाल्हेरात बसून डॉल्फिन-देवमाशांचा माग: लॅपटॉपपासून चंबळेपर्यंत

ग्वाल्हेरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही देवमाशांचा माग काढायला शिकायचं तर इथून सुरुवात करता येते, कारण हे काम डोळ्यांपेक्षा कानांचं जास्त आहे. देवमासा श्वासापुरता वर येतो आणि बाकीचा वेळ पाण्याखाली असतो. दिसतो क्षणभर, ऐकू येतो तासन्‌तास. आणि जगभरच्या समुद्रातली रेकॉर्डिंग्ज आता घरबसल्या फुकट मिळतात.

शिवाय आपल्याकडे चंबळ आहे. तिच्यात गंगेचे डॉल्फिन आहेत, इकडे त्यांना सूंस म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत भिंगच नसतं, त्यामुळे सगळा कारभार आवाजावर. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नदी-डॉल्फिन गणनेत ६,३२७ डॉल्फिन निघाले, त्यातले मध्य प्रदेश आणि राजस्थान मिळून ९५. या गणनेतही नुसत्या नजरेवर न विसंबता हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, वापरले होते.

बारावीपर्यंतचं गणित, बरा लॅपटॉप आणि चांगले इअरफोन एवढी तयारी पुरे. हायड्रोफोन आत्ताच विकत घेऊ नका. त्याची पाळी पाचव्या पायरीवर येते, आणि तोवर कोणता घ्यायचा हे तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.

पायरी १: आवाज डोळ्यांनी वाचायला शिका

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात कोणतंही रेकॉर्डिंग स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात पाहता येतं: आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष कंपनसंख्येचा, आणि आवाज जितका जोरकस तितका रंग भडक.

सरावाला देवमासा लागत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात, नयाबाजारात ज्या मराठी घरात गाणं शिकलं-शिकवलं जातं तिथे तंबोरा आणि तबला असतोच. मोबाइलवर तंबोऱ्याची एक तार रेकॉर्ड करा. एकावर एक रचलेल्या आडव्या रेघा दिसतील, मूळ स्वर खाली आणि त्याच्या पटीतले उपस्वर वर. मग तबल्याची एक थाप घ्या: क्षणभराची उभी रेघ, खालपासून वरपर्यंत. गळ्यातून मींड काढा: सरकत जाणारी वक्र रेघ. हे तीन आकार ओळखता आले की समुद्रातले बहुतेक आवाज त्यांतच बसतात. डॉल्फिनची शीळ मींडेसारखी वळते, त्याची क्लिक, म्हणजे टिचकीसारखा क्षणिक आवाज, थापेसारखी उभी येते, आणि निळ्या देवमाशाचा हुंकार लांबलचक आडवा पडतो.

पायरी २: खरे आवाज ऐका, पण वेग बदलून

अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचा ‘वॉटकिन्स मरीन मॅमल साउंड डेटाबेस’ सगळ्यांना खुला आहे, त्यात जातीनुसार निवडक तुकडे मिळतात. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी उपसागरात सुमारे ९०० मीटर खोलीवर बसवलेला हायड्रोफोन तर घरबसल्या ऐकता येतो.

ऐकायला बसलात की पहिली अडचण आपल्याच कानांची. माणसाला साधारण २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ ऐकू येतं. निळा देवमासा आणि फिन व्हेल २० हर्ट्‌झच्या आसपास बोलतात, म्हणजे आपल्या तळाच्या सीमेवर. ते रेकॉर्डिंग दहापट वेगाने वाजवा, २० चे २०० हर्ट्‌झ होतात आणि हुंकार स्वच्छ कानी पडतो. सूंस उलट टोकाला. त्याच्या क्लिकचा जोर ६० किलोहर्ट्‌झच्या आसपास असतो. ते वीसपट सावकाश वाजवलं की ३ किलोहर्ट्‌झवर उतरतं, आणि दाणे टाकल्यासारखी टकटक ऐकू येते. समुद्रातले डॉल्फिन क्लिकच्या जोडीला शीळही घालतात. सूंसाकडे ती नाही. तेव्हा चंबळेवर कोणी ‘डॉल्फिनची शीळ रेकॉर्ड केली’ म्हणून फाइल पाठवली तर आधी आसपास नावेचं इंजिन होतं का ते विचारा.

हंपबॅक जातीचे देवमासे मात्र वेग न बदलता ऐका. त्यांच्या आवाजांना रचना आहे, तुकडे ठरलेल्या क्रमाने परत परत येतात, हे संशोधक रॉजर पेन आणि स्कॉट मॅकवे यांनी १९७१ मध्ये शोधनिबंधातून मांडलं आणि तेव्हापासून त्याला रीतसर ‘गाणं’ म्हटलं जातं. ख्यालाची सवय असलेल्या कानाला ती पुनरावृत्ती लवकर सापडते. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक तर जगावेगळेच: इतर हंपबॅक दरवर्षी ध्रुवाकडे चरायला जातात, हे वर्षभर इथेच राहतात. गोव्याच्या किनाऱ्याजवळही त्यांचं गाणं नोंदलं गेलं आहे.

डेसिबलच्या आकड्यांना फसू नका. ‘स्पर्म व्हेलचा आवाज २३६ डेसिबल, रॉकेटहून मोठा’ असले मथळे दर काही महिन्यांनी फिरतात. २३६ हा आकडा खरा आहे, तुलना खोटी. डेसिबल म्हणजे एका ठरलेल्या संदर्भ-दाबाशी केलेली तुलना. पाण्यात हा दाब १ मायक्रोपास्कल धरतात, हवेत २०. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट. दोन्ही धरून साधारण ६२ डेसिबल वजा केल्याशिवाय हवेतल्या आकड्याशी तुलना करता येत नाही. उरतात १७४. तेही कमी नाहीत म्हणा.

पायरी ३: सॅम्पल रेट समजून घ्या

हा भाग छोटा आहे, पण इथे चुकलं की पुढचं सगळं वाया जातं. रेकॉर्डर सेकंदाला जितके नमुने घेतो त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतच आवाज पकडतो. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा ४८ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चालतं, त्यामुळे २४ किलोहर्ट्‌झच्या वरचं काहीच नोंदलं जात नाही. सूंस समोर येऊन क्लिक करत बसला तरी फाइल कोरी. त्याच्यासाठी निदान १९२ किलोहर्ट्‌झ हवेत, ३८४ असतील तर उत्तम. निळ्या देवमाशाला मात्र सेकंदाला ५०० नमुनेही पुरतात, आणि महिनोन्‌महिन्यांचं रेकॉर्डिंग एका छोट्या कार्डात मावतं.

पायरी ४: संगणकात एक नदी तयार करा

आता मुख्य काम. पुष्कळ जण इथे घाई करून थेट घाटावर जातात. माझं म्हणणं उलट आहे: आधी खोटी नदी, मग खरी. खोट्या नदीत डॉल्फिन कुठे आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे आपलं उत्तर किती चुकतं ते मोजता येतं. खऱ्या नदीत डॉल्फिनचं ठिकाण तर नाहीच कळत, आपण किती चुकलो तेही कळत नाही.

तत्त्व सोपं आहे. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त वेगाने. दोन हायड्रोफोन ठेवले तर क्लिक एकाकडे आधी पोचते, दुसऱ्याकडे थोडी उशिरा. हा उशीर ज्या ज्या ठिकाणांहून सारखाच येईल ती सगळी ठिकाणं एका वक्रावर पडतात. शाळेत अपास्त नावाचा वक्र शिकलो होतो, तोच हा. तिसरा हायड्रोफोन आला की दुसरा अपास्त मिळतो, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे डॉल्फिन.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातली नमपाय, सायपाय ही गणिताची साधनं उतरवून घ्या आणि पुढच्या क्रमाने जा. काठाला समांतर एका सरळ रेषेत तीन हायड्रोफोन ठेवा, दोन-दोन मीटरांवर. मधल्या हायड्रोफोनच्या बरोबर समोर, ३० मीटरांवर, एक डॉल्फिन ठेवा. ६० किलोहर्ट्‌झची चार-पाच आवर्तनं घ्या, त्यांची दोन्ही टोकं हळूहळू विरत न्या, ही झाली क्लिक. डॉल्फिनपासून प्रत्येक हायड्रोफोनचं अंतर काढा, ध्वनिवेगाने भागा, तितकी उशिरा ती क्लिक त्या-त्या रेकॉर्डिंगमध्ये बसवा. वर थोडा यादृच्छिक खरखराट मिसळा.

आता डॉल्फिन कुठे ठेवला ते विसरा आणि रेकॉर्डिंगवरून शोधायला लागा. उशीर काढायला एक रेकॉर्डिंग दुसऱ्यावर नमुन्या-नमुन्याने सरकवत न्या. जिथे सगळ्यात चांगलं जुळतं तेवढा उशीर. याला क्रॉस-कोरिलेशन म्हणतात आणि सायपायमध्ये ते तयार मिळतं. मग नदीची अर्ध्या-अर्ध्या मीटरची चौकट आखा. ‘डॉल्फिन इथे असता तर उशीर किती आले असते?’ हे प्रत्येक चौकोनात काढा आणि मोजलेल्या उशिरांशी ताडून पाहा. ज्या चौकोनात फरक सगळ्यात कमी, ते तुमचं उत्तर.

पहिल्यांदा उत्तर अचूक येईल आणि छान वाटेल. खरं शिक्षण आता सुरू होतं.

१९२ किलोहर्ट्‌झवर एका नमुन्याच्या वेळात आवाज साधारण ७.८ मिलिमीटर जातो. डॉल्फिन समोर ३० मीटरांवर असताना त्याचं अंतर कशावरून कळतं? दोन्ही टोकांच्या हायड्रोफोनपासूनच्या अंतरांच्या बेरजेतून मधल्याच्या अंतराची दुप्पट वजा केली की जो फरक उरतो त्यावरून. तो सुमारे १३ सेंटिमीटर असतो, म्हणजे १७ नमुने. एक नमुना इकडेतिकडे झाला तर उत्तर २८ ते ३२ मीटरांत हलतं. चालेल. आता डॉल्फिन १०० मीटरांवर न्या. तोच फरक ४ सेंटिमीटरांवर येतो, फक्त पाच नमुने. एक नमुना चुकला की उत्तर ८५ मीटर तरी येतं नाहीतर १२८. दिशा दोन्ही वेळा नीट येते, बिघडतं ते अंतर. चौकटीचा आलेख काढलात तर उत्तराचा ठिपका न दिसता नदीच्या आत लांबत गेलेला पट्टा दिसेल.

दुसरा प्रयोग याहून डोळे उघडणारा. हायड्रोफोन बांबूला बांधलेत आणि प्रवाहाने बांबू मधोमध फक्त १ सेंटिमीटर वाकला असं समजा. म्हणजे खरा मधला हायड्रोफोन १ सेंटिमीटर पुढे, पण तुमच्या गणितात तो सरळ रेषेतच. वरचा फरक २ सेंटिमीटरांनी बदलतो. ३० मीटरांवरचा डॉल्फिन २६ वर दिसतो, १०० मीटरांवरचा ६७ वर. बांबू उलट दिशेला वाकला तर तोच १०० मीटरांवरचा २०० वर! याउलट पाण्याचं तापमान चुकीचं धरलं तर काय होतं पाहा. गोड्या पाण्यात २० अंशांना ध्वनिवेग सुमारे १,४८२ मीटर, ३० अंशांना १,५०९. दोन टक्क्यांहून कमी फरक, म्हणजे ३० मीटरांवर अर्धा मीटर. नदीवर जाताना भारी थर्मामीटरपेक्षा न वाकणारा पाइप आणि मोजपट्टी जास्त कामाची, हे तुम्हाला पाण्यात पाय न घालता कळलं.

मग मांडणी बदलून पाहा. दोन मीटरांऐवजी पाच-पाच मीटरांवर हायड्रोफोन ठेवले तर तो फरक सव्वासहा पट होतो, कारण तो अंतराच्या वर्गाने वाढतो. यादृच्छिक चूक टाकून तोच डॉल्फिन पाचशे वेळा शोधा आणि सगळी उत्तरं एका चित्रावर टाका. ठिपक्यांचा तो पुंजका म्हणजे तुमच्या मांडणीची लायकी. सरळ रेषेतल्या हायड्रोफोनना पुढचा आणि मागचा आवाज वेगळा ओळखता येत नाही, हेही इथे दिसेल. समुद्रात ही डोकेदुखी आहे आणि तिथे एक हायड्रोफोन रेषेबाहेर ठेवावा लागतो. नदीकाठी फुकटात सुटका होते: आरशातला डॉल्फिन मागच्या मोहरीच्या शेतात पडतो.

शेवटी पाण्याचा पृष्ठभाग घाला. डॉल्फिन २ मीटर खोल, हायड्रोफोन १ मीटर खोल आणि अंतर ३० मीटर असेल तर पृष्ठभागावर आपटून आलेला प्रतिध्वनी मूळ क्लिकच्या मागे फक्त ०.०९ मिलिसेकंदाने पोचतो, तोही उलटा होऊन. क्रॉस-कोरिलेशन कधीकधी मूळ क्लिक सोडून त्यालाच धरतं. उथळ नदीतलं हे नेहमीचं दुखणं. जुळणीचं सगळ्यात मोठं शिखर न घेता सगळ्यात आधी आलेलं शिखर घ्या, बरंच निभावतं.

समुद्रासाठी वेगळं काय

नदीत आवाज सरळ जातो असं धरलं तर चालतं, समुद्रात नाही. वर पाणी कोमट म्हणून आवाज जलद. खाली थंड म्हणून मंद. आणखी खाली दाब वाढतो म्हणून पुन्हा जलद. आवाज नेहमी मंद थराकडे वळतो. मध्य अक्षांशांत साधारण १,००० मीटरांवर असा मंद थर सापडतो आणि त्यात अडकलेला खालच्या पट्टीचा आवाज शेकडो, कधी हजारो किलोमीटर जातो. म्हणूनच अणुचाचण्यांवर कान ठेवायला हिंदी महासागरात बसवलेल्या हायड्रोफोनवर निळे देवमासेही ऐकू येतात. वरच्या पट्टीच्या आवाजाचं तसं नाही. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम सल्फेट तो शोषून घेतं, त्यामुळे डॉल्फिनची क्लिक फार लांब पोचत नाही.

या वळणाऱ्या वाटा काढायला बेलहॉप नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. पायथनमधून तो चालवता येतो. खोलीनुसार ध्वनिवेग, तळाची खोली आणि आवाजाची जागा दिली की तो किरणांच्या वाटा आणि पोचायच्या वेळा देतो. अरबी समुद्राचं तापमान आणि क्षारता हवी असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडे तरंगत्या आर्गो यंत्रांची आकडेवारी आहे. आधी ध्वनिवेग सगळीकडे सारखा ठेवून चालवा, मग खरा आलेख द्या. दोन चित्रं शेजारी ठेवलीत की आवाज न पोचणारे कोरे पट्टे दिसतील. तिथे हायड्रोफोन टाकला तर देवमासा असूनही ‘नाही’ अशी नोंद होईल.

पायरी ५: हायड्रोफोन

बझरमध्ये असते ती २७ मिलिमीटरची पिझो चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. तिला शील्डेड वायर जोडा, एरल्डाइटने नीट मढवा आणि निदान १ मेगाओहमचा इनपुट असलेला प्रीॲम्प, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट, लावा, नाहीतर खालची पट्टी सगळी जाईल. बादलीत नाणं टाकून ऐका, मग गच्चीवरच्या टाकीत. लॅपटॉपला जोडून तो सूंस ऐकवणार नाही, कारण पायरी ३. पण हात बसतो.

सूंसाच्या क्लिकसाठी हायड्रोमॉथ हा छोटा रेकॉर्डर ३८४ किलोहर्ट्‌झपर्यंत जातो. ‘इथे डॉल्फिन आहे का, कोणत्या वेळी?’ एवढ्याला तो पुरेसा. ठिकाण काढायला मात्र तीन सुटे रेकॉर्डर ठेवू नका. प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढेमागे धावतं. दहा लाखांत दहा भाग एवढा फरक असला तरी मिनिटाभरात ९० सेंटिमीटरांची चूक. तिन्ही हायड्रोफोन एकाच रेकॉर्डरमध्ये, एकाच घड्याळावर हवेत. दिल्लीच्या आयआयटीने आणि टोकियो विद्यापीठाने मिळून गंगेच्या डॉल्फिनसाठी हायड्रोफोन वापरले, तेही असेच एका संचात बसवलेले होते.

चंबळेआधी साठलेल्या पाण्यात चाचणी घ्या. तिघरा जलाशय सोयीचा आहे, तिथल्या व्यवस्थापनाला विचारून. (विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्यानंतर तिघऱ्यालाच बसले, गेलातच तर नजर टाका.) तिन्ही हायड्रोफोन बांधलेला पाइप काठाला समांतर उतरवा. मित्राला मोजलेल्या अंतरावर नावेतून दोन लोखंडी सळ्या पाण्याखाली एकमेकींवर आपटायला सांगा: १० मीटर, ३०, ६०. तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर आणि टेपचं माप शेजारी लिहा. सिम्युलेशनने सांगितलेल्या चुकीपेक्षा खरी चूक बरीच मोठी आली तर आधी पाइप सरळ आहे का ते बघा.

पायरी ६: चंबळ

इथे आपल्या मनाने काही करायचं नाही. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत पसरलं आहे, आणि सूंस वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. पाण्यात कोणतंही उपकरण टाकायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र विभागाच्या किंवा नदीवर आधीपासून काम करणाऱ्या गटाच्या बरोबर जा. काठावर मगरी असतात आणि घडियालांची वीण उन्हाळ्यात वाळूवर होते, तेव्हा वाळूच्या दांड्यांवर तंबू ठोकायचा विचारही नको.

पावसाळा सोडून जा. पाणी उतरलं की सूंस खोल डोहांत गोळा होतात. भिंडच्या बाजूला, खाली पाच नद्यांच्या संगमाकडे, पचनद्याकडे, ते भेटण्याची शक्यता जास्त. डिझेल पंप सुरू असले की खालची पट्टी त्यांच्या घरघरीने भरून जाते. त्याची काळजी करू नका, क्लिक त्याच्या कितीतरी वर आहे. १० किलोहर्ट्‌झच्या खालचं गाळून टाका. आवाज ओळखायला पॅमगार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात क्लिक शोधायची सोय आहे. पण त्याने दाखवलेली प्रत्येक क्लिक खरी मानू नका. शंभरेक स्वतः उघडून पाहा. सूंसाच्या क्लिक माळेसारख्या ओळीने येतात. वाळूचे कण आणि बुडबुडे वेडेवाकडे.

प्रत्येक फाइलबरोबर वहीत एवढं हवंच: तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, पाण्याचं तापमान, हायड्रोफोनची खोली, त्यांच्यातली मोजलेली अंतरं, सॅम्पल रेट, आणि त्या वेळी डोळ्यांना काय दिसलं. परवानगीच्या अर्जाला पायरी ४ मधलं ठिपक्यांच्या पुंजक्याचं चित्र जोडा, आणि किती मीटरांपलीकडचे डॉल्फिन तुम्ही नकाशावर दाखवणारच नाही तो आकडा त्याच पानावर लिहा.